बाळ पळवलंय आणि हा चिकटपट्ट्या गोळा करतोय

प्रकरण तसं साधं आहे. कांदिवलीत राहणारा, चाळिशीकडे झुकलेला एक माणूस. प्रिन्सेस स्ट्रीटजवळच्या दवाबाजारात एका घाऊक औषधविक्रेत्याकडे स्टोअर इन-चार्ज. गेमचा नाद कॉलेजपासूनचा; तेव्हा स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक, नंतर पगार सुरू झाल्यावर लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जोडलेला पीसी. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने फॉलआउट ४ घेतला. गेम २०१५ चा, पण त्या एप्रिलमध्ये त्याच विश्वावर बेतलेली वेब मालिका आली आणि जुन्या गेमवर पुन्हा उड्या पडल्या, त्यातली एक याची. गणपती येईपर्यंत त्याने तो अर्ध्यात टाकला. टाकताना मला म्हणाला, "गोष्ट भारी आहे, मारामारी भारी आहे, पण ही हमाली आता होत नाही रे."

मी ॲपच्या स्क्रीन आखण्याचं काम करतो. माणूस कुठे अडकतो, कुठे वैतागून ॲप बंद करतो, हे बघणं माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. म्हणून हे वाक्य मी सोडून दिलं नाही. त्यातही गंमत अशी की दिवसभर स्टॉक सांभाळणाऱ्या माणसाने गेममधला स्टॉक सांभाळण्याला हात टेकले होते. त्याचं नाव इथे देत नाही; इन-चार्ज म्हणतो. त्याचा याला होकार आहे, अट एवढीच की दुकानाचं नाव यायला नको.

(पुढे गेमच्या गोष्टीतल्या दोन-तीन गोष्टी फुटतात. दहा वर्षांच्या गेमबद्दल तेवढं चालवून घ्या.)

गेम काय मागतो

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २२८७ साल, अणुयुद्धानंतरचं बॉस्टन. तुमच्या डोळ्यांदेखत जोडीदाराला गोळी घालून तान्हं मूल पळवून नेलंय. त्याचा शोध हा मुख्य कथाभाग. आता अशा आईबापाने काय करावं? गेमचं म्हणणं असं की त्याने वाटेत दिसेल तो टेबलफॅन उचलावा.

कारण टेबलफॅनमध्ये स्क्रू असतात. बंदुकीला नवी नळी, दुर्बीण, दस्ता लावायचा तर स्क्रू लागतात, ॲल्युमिनियम लागतं, आणि सगळ्यात जास्त लागतं ते चिकटद्रव्य, जे डक्ट टेपमधून किंवा गोंदाच्या बाटलीतून निघतं. म्हणजे पडक्या ऑफिसातला प्रत्येक ट्रे, प्रत्येक खेळण्यातली मोटार हा कच्चा माल झाला. तो उचलायला मर्यादा आहे: अंगावर वाहता येणारं वजन म्हणजे २०० अधिक ताकदीच्या प्रत्येक अंकामागे १०. ताकद ३ असेल तर २३०. त्याच्यापुढे एक अंश गेलात की पळता येत नाही आणि नकाशावरून थेट घरी जाण्याची सोयही बंद. चालत जायचं.

ही झाली क्राफ्टिंगची, म्हणजे गोळा केलेल्या मालातून वस्तू बनवण्याची बाजू. दुसरी बाजू वस्त्यांची. मूळ गेममध्ये तीसच्या आसपास जागी वस्ती उभारता येते. लोक येतात, त्यांना खाटा, पाणी, शेत, पहारा लागतो. एक माणूस सहा अन्नापुरतं शेत सांभाळतो. मक्याचं एक रोप अर्धं अन्न देतं, म्हणजे माणशी बारा रोपं. संरक्षणाचा आकडा अन्न-पाण्याच्या बेरजेच्या वर ठेवला नाही तर हल्ल्याची शक्यता वाढते. आणि हल्ला झाला की तुम्ही जगाच्या कुठल्याही टोकाला असा, निरोप येतो, जावं लागतं. प्रेस्टन गार्वी नावाचं पात्र दर थोड्या वेळाने 'आणखी एका वस्तीला तुमची गरज आहे' सांगायला उभं राहतं. जगभरच्या खेळाडूंनी त्याची इतकी टिंगल केली आहे की गेम न खेळलेल्यांनाही हे नाव माहीत असतं.

एक शनिवार रात्र

मी एका शनिवारी रात्री त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. पीसी बेडरूमच्या कोपऱ्यात, वर माळा, त्यावर गणपतीच्या मखराचं थर्माकोल. बायको-मुलगी हॉलमध्ये झोपलेल्या, त्यामुळे सगळं हेडफोनवर आणि आमचं बोलणं कुजबुजत.

लेक्सिंग्टनमधला कॉर्वेगा कारखाना त्याने उत्तम घेतला. लांबून दोघं टिपले, आत जाऊन बाकीचे. एकदम सफाईने, एकही चुकीचं पाऊल नाही. हे आटोपल्यावर माझ्या हिशेबाने खेळ संपला होता. त्याच्या हिशेबाने आता सुरू झाला. प्रत्येक टेबल, प्रत्येक लॉकर, प्रत्येक मेलेल्याचे खिसे. मग वजन मर्यादेच्या चार अंश वर गेलं. दारात उभं राहून त्याने पिप-बॉय, म्हणजे गेममधला मनगटावरचा छोटा कॉम्प्युटर, उघडला आणि यादी चाळायला लागला. एक पाइप रायफल टाकली. अजून एक अंश जास्त. मग खाण्याच्या यादीत जाऊन त्याने काहीतरी खाऊन टाकलं, भूक म्हणून नव्हे, वजन कमी करायला. "हे बघ," मला म्हणाला, "माल कमी करायला माल खातोय. दुकानात असं केलं तर सेठ हाकलेल."

घरी आल्यावर एक गोष्ट गेमने चांगली केलेली आहे: वर्कशॉपसमोर एक बटण दाबलं की सगळं जंक एकदम जमा होतं. तिथे तो दोन सेकंदही थांबला नाही. पण लगेच शस्त्रांच्या टेबलावर गेला तर हवा असलेला दस्ता लाल. चिकटद्रव्य शून्य. एवढं भंगार आणलं, त्यात नेमकं तेच नव्हतं.

तेवढ्यात निरोप: दुसऱ्या वस्तीवर हल्ला. तिथे गेला, चार जण मारले, आणि मग लक्षात आलं की पहाऱ्याच्या चौकीवर कोणीच नाही. आता माणूस नेमायचा. इथे मी खरोखर खुर्ची पुढे ओढून बघितलं, कारण माझ्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी चूक इतक्या मोठ्या गेममध्ये बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. वस्तीतल्या बहुतेक सगळ्या लोकांचं नाव एकच: 'सेटलर'. कोण शेतावर आहे, कोण रिकामा आहे, हे नावावरून कळायची सोय नाही. बांधकामाच्या मोडमध्ये जाऊन एकेकासमोर उभं राहायचं आणि त्याचं काम उजळून दिसतंय का ते बघायचं. अंदाजाने एकाला चौकीवर उभं केलं की तो नेमका शेतावरचा निघतो, आणि अन्नाचा आकडा लाल होतो.

इन-चार्जने यावर स्वतःचा तोडगा काढला होता. शेतावरच्याला टोपी, पहाऱ्यावरच्याला हेल्मेट, दुकानावरच्याला कोट. (नंतर कळलं की ही युक्ती जगभरचे खेळाडू वापरतात.) "रॅकला लेबल नसेल तर मी डब्यांवर मार्करने लिहितो," म्हणाला. "इथे माणसांवर लिहितोय."

साडेबारा वाजले. त्याने सेव्ह केलं. हरवलेल्या मुलाबद्दल त्या रात्री एक अक्षर पुढे सरकलं नव्हतं. कॉर्वेगाची चकमक सोडली तर उरलेला सगळा वेळ उचलणं, टाकणं, चालणं, नेमणं.

सोपी कारणं, आणि ती का पटली नाहीत

मी हे चार मित्रांना सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं. दिवसभर स्टॉक, रात्री परत स्टॉक, वैतागणारच. ऐकायला ठीक वाटतं. पण मी याला ओळखतो. ३१ मार्चच्या स्टॉक टॅलीला बाकीचे स्टाफवाले सुट्टीची कारणं शोधतात तेव्हा हा सकाळी पहिला हजर असतो. बॅच नंबर, एक्स्पायरी, आधी संपणारा माल आधी बाहेर, शॉर्ट एक्स्पायरीचा माल वेळेत कंपनीला परत. हे त्याला कंटाळवाणं वाटत नाही, यात त्याची शान आहे. कामाचा कंटाळा असता तर तो आधी कामावर दिसला असता.

दुसरं निदान वयाचं. आता पूर्वीसारखा वेळ नाही, पेशन्स नाही. यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. कारण याच माणसाने, याच नोकरीत, याच लोकलच्या धक्क्यांनंतर, आदल्या वर्षी विचर ३ पुन्हा पहिल्यापासून खेळून संपवला होता. तो गेम काही लहान नाही, आणि त्यातही क्राफ्टिंग भरपूर आहे: तेलं, काढे, बॉम्ब, चिलखतं. त्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नव्हता.

मग फरक कशात? मी दोन्ही गेम शेजारी शेजारी ठेवून पाहिले. विचर ३ मध्ये एखादा काढा एकदाच बनवावा लागतो. वनस्पती गोळा करा, कृती मिळवा, बनवा. पुढे तो संपला की ध्यानाला बसायचं. सामानात कडक दारू असली की सगळे काढे आपोआप भरून येतात. म्हणजे 'हा काढा हवा' हा निर्णय एकदा घेतला की त्याची मजुरी पुन्हा मागितली जात नाही. बरं, हे सगळं पहिल्या दिवसापासून परिपूर्ण नव्हतं. मे २०१५ मध्ये गेम आला तेव्हा क्राफ्टिंगच्या सामानालाही वजन होतं आणि वस्तू ठेवायला पेटी नव्हती. लोकांनी आरडाओरडा केला, आणि त्याच वर्षी नंतर आलेल्या १.०७ पॅचने, म्हणजे सुधारित आवृत्तीने, सामानाचं वजन काढून टाकलं आणि साठवणुकीची पेटी दिली. बनवणाऱ्यांनी स्वतःच कबूल केल्यासारखं झालं की ही मजुरी खेळाचा भाग नव्हती.

इथे माझं मत बनलं, आणि पुढच्या बहुतेक घडामोडींनी ते पक्कंच केलं. इन-चार्जला काम नको होतं असं नाही. ठरवून झाल्यावर उरणारी नुसती ने-आण त्याला नको होती. स्क्रू हवेत हे एकदा ठरलं. त्यानंतरचा शंभरावा टेबलफॅन उचलताना ठरवायचं काहीच नसतं. शिवाय गेम त्याच्याकडून कारकुनाचं काम करून घेतो आणि कारकुनाची साधनं मात्र देत नाही. दुकानात त्याच्याकडे प्रत्येक मालाच्या नोंदीचं बिन कार्ड आहे, किती उरलं की मागवायचं ती रिऑर्डर लेव्हल ठरलेली आहे, कॉम्प्युटरवर शोध आहे, हाताखाली दोन पोरं आहेत ज्यांना 'तिसऱ्या रॅकवरचं बघ' म्हटलं की पुरतं. गेममध्ये वस्त्या पुरवठामार्गाने जोडता येतात खऱ्या, पण दुसऱ्या वस्तीतला माल इथे बांधकामात वापरता येतो आणि इथल्या पेटीत मात्र दिसत नाही. हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. रजिस्टरमध्ये नसलेला माल बिलात निघतोय, हे कुठल्याही स्टोअरवाल्याला झोप उडवणारं आहे.

त्याने आधी केलेले उपाय

गेम टाकण्याआधी त्याने स्वतःहून दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या, आणि दोन्ही उलट्या पडल्या. त्या कशा पडल्या हे मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो.

पहिली: त्याने काठिण्यपातळी खाली आणली. हेतू असा की मारामारीला कमी वेळ लागेल, म्हणजे बाकीच्याला जास्त उरेल. झालं असं की शत्रू दोन गोळ्यांत पडायला लागले, आणि मग बंदूक सुधारण्याची गरजच उरली नाही. पण उचलण्याची सवय गेली नाही. आधी निदान भंगार कशासाठी हे सांगता यायचं. आता तेही नाही, आणि तरी हात प्रत्येक ट्रेकडे जातोय. सोपं केल्याने कंटाळा कमी व्हायच्या ऐवजी उघडा पडला.

दुसरी: कन्सोल, म्हणजे गेमला थेट हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून वजनाची मर्यादा हजारात नेली. पीसीवर ही एका ओळीची गोष्ट आहे. दोन दिवस तो खूश होता. मग यादी इतकी लांबली की त्यात काही सापडेना. आत्तापर्यंत वजनाची भिंत त्याला निदान 'हे टाकू का ते टाकू' एवढा प्रश्न तरी विचारत होती. ती भिंत गेल्यावर प्रश्नच गेला. दिसलं की उचल. दुकानाच्या भाषेत, त्याने गोदाम वाढवलं आणि ते नॉन-मूव्हिंग, म्हणजे पडून राहणाऱ्या मालाने भरून टाकलं.

म्हणून वजनमर्यादा सरसकट वाईट, असं जे अनेक खेळाडू म्हणतात ते मला मान्य नाही. डायब्लोसारख्या जुन्या गेममध्ये पिशवीत चौकोन मोजून वस्तू बसवाव्या लागायच्या, लोक त्याला टेट्रिस म्हणायचे, आणि त्यात मजा होती, कारण प्रत्येक वेळी काहीतरी सोडावं लागायचं. २००९ च्या टॉर्चलाइटने ती मजा ठेवून फेरी तेवढी काढली: पिशवी भरली की माल पाळीव प्राण्याच्या पाठीवर द्या, तो गावात जाऊन विकून येतो. काय सोडायचं हे तुमच्याकडे राहिलं, चालत जाणं कुत्र्याकडे गेलं.

मग काय केलं

गणपतीनंतर एका रविवारी मी त्याला म्हटलं, "दुकानात तू हे कसं केलं असतंस?" तो आधी हसला. पण सोमवारी संध्याकाळी मरीन लाइन्सवरून कांदिवलीकडे येताना, डिलिव्हरी चलनाच्या मागच्या बाजूला त्याने एक यादी केली आणि मला तिचा फोटो पाठवला. अक्षर लोकलमधलं, म्हणजे निम्मं वाकडं.

मला वाटलं होतं तो एबीसी लावेल. घाऊक व्यापारात ते सगळ्यांना माहीत असतं: थोड्याच वस्तू बहुतेक पैसा अडकवतात, त्या ए, त्यांच्यावर डोळा ठेवा, बाकीच्यांवर वेळ घालवू नका. त्याने एबीसी लावलं नाही. त्याचं म्हणणं, गेममध्ये पैशाला अर्थ नाही, भंगाराला भाव नाही. इथे प्रश्न अडून राहण्याचा आहे. म्हणून हॉस्पिटलच्या औषधभांडारात वापरतात ती व्हीईडी पद्धत: व्हायटल, एसेन्शियल, डिझायरेबल. जे नसेल तर काम ठप्प होतं ते व्हायटल, मग ते पन्नास पैशांचं का असेना. त्याच्या यादीत व्हायटलखाली तीनच नावं होती: चिकटद्रव्य, स्क्रू, ॲल्युमिनियम. एसेन्शियलमध्ये तांबं, गिअर, सर्किट. डिझायरेबलच्या पुढे फक्त 'बाकी सर्व' आणि खाली दोन रेघा.

मग शोधताना त्याला गेममध्येच लपलेली सोय सापडली. जंकच्या यादीत घटकांनुसार बघता येतं आणि एखाद्या घटकाला खूण करता येते. पुढे तो घटक असलेली वस्तू दिसली की तिच्या नावाशी भिंगाचं चिन्ह येतं. म्हणजे लेबल होतं! पण ते तीन पडद्यांच्या आत, आणि कोणी सांगितल्याशिवाय हाताला लागणार नाही अशा जागी. त्याने तीनच खुणा केल्या आणि चिन्ह नसलेल्या वस्तूला हात लावायचा नाही असं ठरवलं. पहिल्या रात्री म्हणे टेबलावरची राखदाणी सोडून जाताना हाताला कंप सुटत होता. हे त्याचं वर्णन. तो थोडा नाटकी आहे.

चिकटद्रव्याचा प्रश्न त्याने शेताने सोडवला. तीन मके, तीन मटफ्रूट, तीन टेटो (ही गेममधलीच पिकं) आणि एक शुद्ध पाणी मिळून भाजीचा स्टार्च होतो आणि त्यातून पाच चिकटद्रव्य निघतं. सँक्चुअरी या गेममधल्या पहिल्या वस्तीच्या पुलापलीकडे रेड रॉकेट नावाचा जुना पेट्रोल पंप आहे, तिथे त्याने छोटी बाग लावली आणि तिथेच मुक्काम हलवला. बाकी सगळ्या वस्त्या वाऱ्यावर. सँक्चुअरीत गार्वी बसलेला असतो, तिकडे फिरकायचंच नाही.

वस्त्यांसाठी मी त्याला सिम सेटलमेंट्स हा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली गेमची जोडणी, सुचवला होता. त्यात तुम्ही फक्त भूखंड आखून देता आणि लोक आपली घरं, शेतं, दुकानं स्वतः उभी करतात. हजारो खेळाडूंनी याच वैतागापायी तो घेतला आहे. त्याने मॉडची माहिती वाचली आणि नको म्हणाला. हमाली टाळायला आधी हमालीचाच कोर्स करावा लागतोय, असं त्याचं मत पडलं. मॉड चांगला आहे, पण त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

यानंतर त्याने गेम पूर्ण केला, गोष्टीतल्या रेलरोड नावाच्या गटाच्या बाजूने. आणि गंमत म्हणजे शेवटाकडे जाताना एक कामगिरी अशी आहे जिथे क्राफ्टिंग टाळताच येत नाही: मूल पळवणाऱ्या इन्स्टिट्यूट या संस्थेत पोचण्यासाठी वस्तीत एक यंत्र उभारावं लागतं, त्याचे चार भाग, त्यांना वीज, आणि त्यासाठी दुर्मीळ सामान. मला वाटलं इथे हा पुन्हा फेकणार. उलट त्या रात्री साडेअकराला त्याचा व्हॉइस मेसेज आला, खुशीत. कुठे काय मिळेल ते शोधून, मोजून, एका फेरीत आणून त्याने यंत्र उभं केलं होतं. त्या सामानाच्या पलीकडच्या टोकाला मुलगा होता.

बनवणाऱ्यांची बाजू

गेम बनवणारे मूर्ख नाहीत, त्यामुळे त्यांचंही म्हणणं बघायला हवं. याआधीच्या फॉलआउट गेममध्ये खोल्या कप-बशा-पंख्यांनी भरलेल्या असायच्या आणि त्यातलं बहुतेक सगळं निरुपयोगी. फॉलआउट ४ ने त्या कचऱ्याला अर्थ दिला. पडक्या खोलीत शिरताना डोळे उघडे ठेवायला कारण मिळालं. पहिले दहा-बारा तास ही कल्पना खरोखर सुंदर वाटते. इन-चार्जलाही वाटली होती. दोष कल्पनेचा नाही. शंभराव्या तासाला पहिल्या तासाइतकेच क्लिक मागितले जातात, हा दोष आहे. गेममध्ये यावर इलाज आहेत, पण ते कौशल्यांच्या झाडावर उशिरा लटकवलेले आहेत. 'स्ट्रॉंग बॅक'ची चौथी पायरी घेतली की जास्त वजनासकट थेट प्रवास करता येतो. म्हणजे आधी त्रास द्यायचा, मग त्यातून सुटका हेच बक्षीस.

सगळंच काढून टाकणं हाही रस्ता नाही. मास इफेक्टच्या २००७ च्या पहिल्या भागात सामानाची यादी १५० वस्तूंवर भरायची आणि बसून एकेक वस्तू वितळवावी लागायची, लोक वैतागले. २०१० च्या दुसऱ्या भागात ती यादीच जवळजवळ उडवली. पण सुधारणांसाठी खनिजं तर हवीत, म्हणून ग्रहांवरून हळूहळू कर्सर फिरवून छोटी शोधयानं सोडण्याचं काम आलं, आणि लोकांनी त्यालाही तितक्याच शिव्या घातल्या. एका दारातून हमाली घालवली, दुसऱ्यातून आत आली. माणसं नेमण्याच्या कटकटीवर मात्र मला २००६ च्या फायनल फँटसी १२ चं उत्तर आजही सगळ्यात शहाणं वाटतं. सोबत्यांना दर क्षणी हुकूम द्यायचे नाहीत, नियम लिहून द्यायचे: कोणाची तब्येत अमुकच्या खाली गेली तर औषध दे, नाही तर हल्ला कर. नियम चुकला तर तुम्ही हरता, पण चूक तुमच्या विचाराची असते. दुकानातल्या दोन पोरांच्या बाबतीत इन-चार्ज हेच करतो.

एक गोष्ट जी माझ्या मतात नीट बसत नाही

२०२५ च्या फेब्रुवारीत किंगडम कम: डिलिव्हरन्स २ आला आणि त्याने तो घेतला. मी म्हटलं, हा वेडा झालाय. या मालिकेत काढा बनवायचा तर खरोखर बनवावा लागतो: कढईत वाइन किंवा पाणी ओता, वनस्पती खलात कुटा, भाता मारा, वाळूचं घड्याळ उलटवून उकळी मोजा. दुसऱ्या भागात लोहारकामही हाताने आहे. लोखंड भट्टीत लाल करायचं, ऐरणीवर हातोड्याचे घाव फिरवत घालायचे, उलटायचं, पुन्हा तापवायचं, शेवटी पाण्यात. फॉलआउटमध्ये एका क्लिकची गोष्ट इथे कितीतरी मिनिटांची. आणि हा माणूस तिथे संध्याकाळभर तलवारी ठोकत बसतो. विकायला. गरज नसताना.

माझ्या हिशेबाने तलवार बनवायचं ठरलं की निर्णय संपला, पुढे मजुरी. मग याला कंटाळा का नाही? त्याचं उत्तर असं की इथे हात चुकू शकतो. घाव चुकीच्या जागी पडला, लोखंड थंड झालं, की तलवार हलक्या प्रतीची निघते. प्रत्येक घावाला बघावं लागतं. टेबलफॅन उचलताना चुकायला जागाच नसते. हे बरोबर असेल. पण त्याच गेममध्ये वनस्पती गोळा करताना दर वेळी वाकून तोडायचं ते दृश्य आहे, तिथे चुकायला काही नाही, आणि तेही तो तक्रार न करता करतो. विचारलं तर म्हणाला, "बाहेर मोकळं वाटतं रे." कांदिवलीच्या बेडरूममधून बोहेमियाचं कुरण बघणाऱ्या माणसाला यावर मी काय सांगणार.

गेम विकत घेण्याची त्याची पद्धत मात्र बदलली आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. पण दोन तासांत असल्या गेमची हमाली दिसतच नाही. तेव्हा पिशवी रिकामी असते आणि प्रत्येक वस्तू नवी. म्हणून तो आता उलटं करतो. घेण्याआधी कोणाचा तरी चाळीसेक तासांनंतरचा व्हिडिओ लावतो, तोही लढाईचा नाही. सामानाचा पडदा उघडलेला असेल तिथे थांबवतो आणि बघतो: शोधायची सोय आहे का, कच्च्या मालाला वजन आहे का, संपलेलं औषध आपोआप भरतं का. परवा एका नव्या गेमच्या अशाच व्हिडिओत यादी खालपर्यंत सरकवायला खेळाडूला अकरा सेकंद लागले, ते त्याने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून मला पाठवले, आणि खाली लिहिलं: सेलमध्ये पण नको.